दिवसा सांगितलेली गोष्ट

परीकथा लिहायला कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी सांगते, वाल सोलता सोलता. लोक हसतात. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करते. अहो, थट्टा कसली! आमच्या घरी बिरडं व्हायचं म्हणजे मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि मागच्या पडवीत बसून एकेक दाणा चिमटीत धरून सालाबाहेर काढायचा. तास-दीड तास हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. त्या मोकळ्या तोंडातून गोष्ट निघायची. वालाचा तो हिरवट वास अजून कुठं आला तरी मला वाटतं, आता कुणीतरी राजाला घोड्यावर बसवणार.

आमचं घर मुरुडच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. पुढं समुद्र, मागं नारळ-सुपारीची वाडी, आणि वाडीत रहाट. सकाळपासून बैल गोल फिरायचा आणि रहाट कुरकुरायचा. तो थांबला की घरातली माणसं दचकून बाहेर बघायची, इतकी त्या आवाजाची सवय. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाडीत असायचे आणि आई चुलीपाशी. आईला गोष्टी आवडत नसत, निदान मला तेव्हा तसं वाटायचं. पडवीत गोष्ट रंगात आली की ती आत भांडी जरा जास्तच वाजवायची. मग थोड्या वेळानं तेही थांबायचं, आणि मी समजायचे, आईला डुलकी लागली असेल.

गोष्टी सांगायची ती हिरूबाय. कोळीवाड्यातली. सुकट घेऊन यायची, बदल्यात नारळ न्यायची, आणि दिवेलागणीनंतर पडवीच्या खांबाला पाठ टेकून बसायची. बाई उंच, आवाज घोगरा, आणि गोष्ट सांगताना हात असे चालवायची की समोर जाळंच ओढते आहे. तिच्या राजवाड्याला पायऱ्या भरतीच्या रेषेपासून सुरू व्हायच्या. तिच्या राण्या ओलेती लुगडी पिळायच्या. पुढं मी देशोदेशीच्या परीकथा वाचल्या, कितीतरी मराठीत आणल्या, पण राणी म्हटलं की मला आजही लुगडं पिळणारीच बाई दिसते. त्याला माझा इलाज नाही.

हिरूबायचा एक नेम होता. दिवसा गोष्ट नाही. दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. इतर घरी ते पोरांना गप्प करायला म्हणायचे. हिरूबाय खरं मानायची. तिचा मुलगा धर्मा मचवा घेऊन मुंबईपर्यंत जायचा. नारळ-सुपारी घेऊन जायचा आणि येताना माणसं आणायचा. ज्याचं माणूस पाण्यावर असतं त्याला असल्या गोष्टींची थट्टा करता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मला मामा एकच. अनंतामामा. आईपेक्षा आठ वर्षांनी लहान. आजी-आजोबा एकापाठोपाठ गेले तेव्हा आईनंच त्याला वाढवलं, लग्न होऊन आली ती त्याला हाताला धरूनच आली. तो मुंबईला एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचा. बोटं कायम काळी, आणि उलटं वाचण्यात पटाईत. आपण पुस्तक हातात धरावं आणि त्यानं समोर बसून ते उलट्या बाजूनं घडाघडा वाचावं. “आम्हाला सुलट दिसलं की घोटाळा होतो गं,” असं म्हणायचा. छापून झालेल्या कागदांची कापलेली काठं तो माझ्यासाठी गोळा करायचा. चार बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या. त्या दोऱ्यानं शिवून माझी वही व्हायची, आणि तिच्यात मी हिरूबायच्या गोष्टी उतरवून घ्यायचे. जिभेला लावली की जांभळी उमटणारी पेन्सिलही त्याचीच. माझी जीभ त्या काळात जांभळीच असे, आणि त्यावरून मी शाळेत पुष्कळ चिडवून घेतलं. एका ओळीत तीनच शब्द मावायचे. माझी वाक्यं आखूड असतात असं लोक म्हणतात, त्याचं कारण ती वही.

त्या वर्षी, मी तेरा वर्षांची असेन, मामा गणपतीत आला तेव्हा वही चाळून म्हणाला, “सहा झाल्या. सात पुऱ्या कर. दिवाळीत येतो, वही नेतो, आमच्या मालकांना दाखवतो. पोरांची पुस्तकं काढायचं त्यांच्या मनात आहे.” माझे पाय जमिनीवर ठरेनात. सातवी गोष्ट माझ्याकडे होती, पण अर्धी. नवरात्रात हिरूबायनं ती सुरू केली आणि मध्येच तिचे डोळे गेले. म्हणजे गेले नाहीत, तिला रातांधळेपण आलं. दिवेलागणीनंतर समोरचा खांब दिसेना. तिचं आमच्याकडे येणं बंद झालं, आणि काळोख पडल्यावर कोळीवाड्यात जायची मला परवानगी नव्हती. गोष्ट तशीच राहिली.

ती गोष्ट शिंपल्यातल्या सुनेची. राजाच्या धाकट्या मुलाला ओहोटीच्या वाळूत शिंपला सापडतो, शिंपल्यात अंगठ्याएवढी मुलगी. ती वाढते, मुलगा तिच्याशी लग्न लावतो. पण तिला वाचा असते ती फक्त भरतीला. ओहोटी लागली की मुकी. सासूला ती डोळ्यांसमोर नको असते. सासू स्वतःची नथ लपवते आणि ऐन ओहोटीला सगळ्यांसमोर विचारते, बोल, तू चोरलीस की नाही? सून कशी बोलणार? तिला घराबाहेर काढतात. ती वाळूतून पाण्याकडं चालत निघते, आणि इथं हिरूबायनं डोळे चोळले होते आणि म्हणाली होती, “दिवा बारीक केला काय गो कुणी?”

नरकचतुर्दशीला दुपारी मी कोळीवाड्यात गेले. फराळाचं ताट द्यायचं निमित्त होतं. कानवले, चकल्या, गोड पोहे. वही परकराच्या ओच्यात. हिरूबाय दारात बसून बोंबील उलटसुलट करत होती. धर्मा मचवा घेऊन यायचा होता, आणि तो आला की दुसऱ्याच दिवशी त्याच मचव्यानं ती हरिहरेश्वराला, लेकीच्या बाळंतपणाला जाणार होती. परत येणार शिमग्याला. म्हणजे त्या दिवशी नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, “हिरूबाय, पुढचं सांग ना.”

“दिसा? येडी का खुळी तू? मामा हाय ना तुजा दर्यात?”

आणि मी बोलले. मी म्हटलं, “मामा आला की. आगबोटीनं मुरुडला उतरला नि चालत आला. घरी झोपलाय.”

खोटं बोलताना माझा आवाजही कापला नाही, याचीच मला नंतर जास्त भीती वाटली. मामाचं कार्ड तर मीच आईला वाचून दाखवलं होतं, ‘धर्माच्या मचव्यानं येतो, बिरडं कर’. हिरूबायनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग म्हणाली, “आला? बेस झालं. घरात हाय तर मंग काय हरकत न्हाय.” आणि भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, तिनं ती गोष्ट पुरी केली. मी जांभळ्या जिभेनं भराभरा लिहून घेतली. सात पुऱ्या झाल्या! घरी येताना मी उड्या मारत आले.

लक्ष्मीपूजनाला मामा यायचा होता, तो आला नाही. संध्याकाळी वारा फिरला. दिवाळीत असा वारा सुटत नाही सहसा. रात्रभर वाडीत झावळ्या आपटत होत्या आणि धपाधप नारळ पडत होते. पाडव्याला आईनं अण्णांना ओवाळलं, पण तिचं लक्ष सगळं खाडीच्या तोंडाकडं. वाल तिनं आदल्या दिवशीच भिजत घातले होते. ते मोडावर आले, मोड लांबले, आणि मी ते एकटीनं सोलले. एकही शब्द न बोलता सोलले. तोंड उघडलं तर आतून काय बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती. मी स्वतःला समजावत होते की हे सगळं थोतांड आहे, मामा स्वतःच म्हणतो थोतांड आहे. पण मामा होता कुठं ते म्हणायला?

भाऊबिजेला पहाटेच अण्णा बातमी काढायला मुरुडच्या बंदरावर गेले. आईनं दुपारीच पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता सगळं ठेवलं. बिरडं झालं, घावनं झाली, नारळाच्या दुधातलं घाटलं झालं, आणि सगळं झाकून ठेवलं. कुणी जेवलं नाही. ऊन उतरलं तशी ती ताम्हण घेऊन पुढच्या अंगणात येऊन उभी राहिली. समोर समुद्र, अजून गढूळ. सूर्य बुडाला आणि त्याच्यावर हातभर अंतरावर बीजेची कोर दिसायला लागली, नखाएवढी.

ज्यांना भाऊ नाही, किंवा ज्यांचा येऊ शकत नाही, त्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. बीजेचा चंद्र फार थांबत नाही, सूर्यामागोमाग घटकाभरात तोही बुडतो. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “ओवाळून घ्या हो वहिनी. कोर खाली चाललीय. दिवस मोडायचा उगाच.”

“मला भाऊ आहे,” आई म्हणाली.

“अहो, नाही कोण म्हणतंय? पण—”

“मला भाऊ आहे, म्हटलं ना!”

आईला इतक्या चढ्या आवाजात बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. काकू कुंपणापासून मागं सरल्या. मी पायरीवर बसले होते. चंद्राला ओवाळलं म्हणजे मामा नाही असं कबूल केलं. नाही ओवाळलं तर वर्षाची ओवाळणी चुकली. आईच्या हातातलं निरांजन वाऱ्यानं आडवं होत होतं आणि ती तळहाताचा आडोसा धरून उभी होती.

एवढ्यात हिरूबाय आली. सुनेच्या खांद्यावर हात टाकून, पाय चाचपत. तिला त्या उजेडात काही दिसत नव्हतं. अंगणात येऊन तिनं हाक मारली, “कुटं हाय मामा? जरा इचारू दे त्याला. मुंबईसनं निगताना माजा धर्मा धक्क्याव होता काय? दोन दीस झाले, मचव्याचा पत्ता न्हाय.”

आई म्हणाली, “कोण मामा, हिरूबाय? अनंता धर्माच्याच मचव्यात आहे.”

“धर्माच्या? अन् ही पोर तर बोलली मामा आला म्हून. आगबोटीनं. घरात निजलाय म्हून.”

आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. नरकचतुर्दशीची दुपार, वही, खोटं बोलणं, सगळं. हिरूबायचा हात सुनेच्या खांद्यावरून सुटला. “माज्या तोंडानं,” ती म्हणाली, “माज्या तोंडानं माजं पोर घालीवलंस व्हय गो?”

आई म्हणाली, “वही आण.” मी आणली. मला वाटलं, आता ही चुलीत जाणार, आणि खरं सांगते, जावी असंच वाटत होतं. सात काय, सत्तर गोष्टी गेल्या तरी चालतील, मामा येऊ दे. पण हिरूबायनं हात पुढं केला. “जाळू नका. जाळली तर वाट बी जळंल. दिसाची गोष्ट उलटी सांगायची असती. माजी आय सांगायची. शेवटापासनं म्होरल्या टोकापतुर. जशी गेली तशी माघारी आणायची. चंद्र हाय ना अजून? बुडायच्या आत झाली पायजेल. अन् हिनंच सांगायची. मी न्हाय.”

मी वही उघडली. अक्षर दिसेना. जांभळी पेन्सिल त्या उजेडात नुसती करडी दिसत होती. मी वही मिटली आणि सुरुवात केली.

“एक पाय पाण्यात आणि एक पाय उंबऱ्यात, अशी सून उभी राहिली. त्याच्या आधी राजा म्हणाला, आत ये. त्याच्या आधी नथ पाण्यावर तरंगत सगळ्यांसमोर आली. त्याच्या आधी समुद्र तिच्या पावलांमागून राजवाड्याच्या पायऱ्या चढून आला आणि तिला वाचा फुटली. त्याच्या आधी ती वाळूतून पाण्याकडं एकटी चालत गेली...”

“चंद्र हाय?” हिरूबायनं विचारलं.

“आहे,” तिची सून म्हणाली. “पाण्याला टेकायला आला.”

“त्याच्या आधी तिला घराबाहेर काढलं. त्याच्या आधी सासूनं विचारलं, बोल, तू चोरलीस की नाही. त्याच्या आधी...” आणि मला पुढचं आठवेना. म्हणजे मागचं. गोष्ट सरळ सांगताना पाण्यासारखी वाहत जाते, उलटी सांगताना प्रत्येक पायरी वेगळी शोधावी लागते. “त्याच्या आधी... त्याच्या आधी...”

“त्याच्या आधी सासूनं नथ हंड्याखाली ठेवली,” आई म्हणाली.

मी वळून बघितलं. आई समुद्राकडंच बघत होती. “पालथ्या हंड्याखाली,” ती म्हणाली. “हिरूबाय नेहमी पालथ्या म्हणते. चल, पुढं सांग.”

अगं बाई! म्हणजे भांडी वाजायची थांबत होती ती डुलकी लागून नव्हे! इतकी वर्षं आत चुलीपाशी बसून तिनं एकूण एक गोष्ट ऐकली होती. मला त्या भयात, त्या रडकुंडीच्या घटकेलाही, कसला तरी धीर आला. मी पुढं गेले. लग्न, मुलीचं वाढणं, अंगठ्याएवढी मुलगी, शिंपला. “त्याच्या आधी ओहोटीची वाळू होती, आणि वाळूवर काही नव्हतं,” असं म्हणून मी थांबले. कोरीचं वरचं टोक पाण्यावर होतं. ते गेलं. आईनं ताम्हण खाली ठेवलं नाही.

समुद्रावर काहीच नव्हतं. आम्ही सगळ्या तिकडंच बघत होतो आणि मामा आला तो मागनं, वाडीतून. आधी रहाटाच्या बाजूला गडग्याचे दगड घरंगळल्याचा आवाज आला, मग शिवी, मग हाक, “अगं ताई, कुत्रं बांधलंय ना?” आमच्याकडं कुत्रं नव्हतंच कधी. पायांत चपला नाहीत, धोतर गुडघ्यापर्यंत फाटलेलं, कपाळावर खरचटलेलं. धर्माच्या मचव्याची डोलकाठी मोडली होती. कसाबसा तो रेवदंड्याच्या खाडीत शिरला. धर्मा मचव्यापाशी राहिला, सुखरूप होता. मामा होडीनं खाडी ओलांडून आदल्या दिवशी दुपारी पायी निघाला, तो रात्री येऊन पोचायचा. पण डोंगरातल्या रानात फाटा फुटतो तिथं त्यानं भलतीच पायवाट धरली. रात्रभर आणि दिवसभर हिंडला. “दहा वेळा गेलोय त्या रस्त्यानं,” तो म्हणाला, “काय झालं कळत नाही. वाट चुकलो गं, ताई.”

हिरूबायनं समुद्राकडं तोंड करून हात जोडले. आईनं मामाला तसाच मळक्या पायांनी पाटावर बसवला आणि ओवाळला. ओवाळताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग त्याला बिरडं वाढलं, आणि तो जेवत असताना वही त्याच्या शेजारी आणून ठेवली. “सात आहेत,” म्हणाली. “सातवी तिनं चोरून आणलेली आहे. छापायची तर उलटी छापायला सांग.”

मालकांनी सहाच छापल्या. सातवी मी पुढं स्वतःच्या पैशानं काढलेल्या पहिल्या पुस्तकात घातली, शेवटापासून सुरुवातीकडं, अगदी त्या संध्याकाळी सांगितली तशी. परीक्षणांतून तिला प्रयोग म्हटलं गेलं. मी कशाला बोलते! त्या पुस्तकाचे आणि नंतरच्या सगळ्या पुस्तकांचे खिळे मामानंच जुळवले. मी मात्र दिवसा गोष्ट सांगितली नाही, पुढं नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी.

मामा फार म्हातारा झाला तेव्हा त्याचं डोकं चालेनासं झालं. छापखाना बंद पडून वर्षं लोटली होती, तरी हा सकाळी उठून कामावर जायला निघायचा. एकदा मी त्याच्याकडं गिरगावात उतरले असताना असाच निघाला आणि दुपारपर्यंत परतला नाही. माणसं शोधायला गेली. मी साठीची बाई, चार पुस्तकं लिहिलेली, चाळीच्या जिन्याच्या पायरीवर बसले आणि तोंडातल्या तोंडात सुरू केलं, एक पाय पाण्यात, एक पाय उंबऱ्यात. शिंपल्यापर्यंत आले तेव्हा एक रद्दीवाला त्याला हाताला धरून घेऊन आला. दुकानात बसून जुन्या कागदांची काठं कापत होता म्हणे.

मामा माझ्याशेजारी पायरीवर बसला. मला त्यानं ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मला म्हणाला, “कुठवर आलीस?”

“सुरुवातीला आले, मामा.”

“मग आता सुलट सांग.”

दुपारचे दोन वाजले होते, समोरच्या भिंतीवर ऊन. मी त्याचा हात घट्ट धरला आणि सांगितली.